तेरा आणि पंधराच्या मधली जागा

खॉ बान सेंग गाड्या उभ्या करायच्या जागा काढायचा. कागदावर. एकतीस वर्षं हेच काम. लोक विचारायचे, आर्किटेक्टकडे असतोस म्हणजे घरं काढत असशील? तो म्हणायचा, घरं बॉस काढतो, मी खालच्या गाड्यांच्या रांगा काढतो. हे ऐकून समोरच्याचा चेहरा जरा पडायचा. खरं तर पडायचं काही कारण नाही. आमच्या या मलय बंदरगावात, बटरवर्थमध्ये, माणूस घर घ्यायला येतो तेव्हा आधी खोल्या बघत नाही, आधी विचारतो, गाडी कुठे लावायची. जागा नसेल तर तो पंख्याखाली बसून फुकटचं सरबत पितो आणि निघून जातो.

अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. हा आयत सेंग झोपेतही काढू शकला असता. खांब मध्ये आला तर काय करायचं, उतारावरून येणारी गाडी वळेल की घासेल, हे त्याला नुसतं बघून कळायचं. लाऊ साहेब, म्हणजे त्याचा बॉस, त्याने काढलेल्या ड्रॉइंगवर न बघता सही करायचा. असा विश्वास मिळवायला जन्म जातो, आणि सेंगचा गेलाच होता. अठ्ठावन्न वर्षांचा झाला, केस गेले, मानेला पट्टा आला, आणि पोरगा सिंगापूरला जाऊन तिथलाच झाला.

राहायला तो रेल्वेलाइनजवळच्या जुन्या सरकारी चाळवजा फ्लॅटमध्ये. पाच मजले, लिफ्ट नाही. हा चौथ्यावर. वर जायला अडुसष्ट पायऱ्या. धट्टाकट्टा असताना माणूस पायऱ्या मोजत नाही. त्याची बायको ग्योक लान हिच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून दोघांनाही आकडा पाठ झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सकाळी सेंग तिला पाठुंगळीला घेऊन खाली उतरायचा, झाडाखाली लावलेल्या जुन्या छोट्या गाडीत बसवायचा, आणि दुपारी तसाच वर चढवायचा. तिचं वजन एक्केचाळीस किलो. कमी आहे म्हणता? एकदा चढून बघा. उरलेले चार दिवस ती घरात, खिडकीपाशी. चौदा महिन्यांत ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. नवीन वर्षालासुद्धा नाही.

खिडकीतून समोर नवी इमारत दिसायची. एकशे अठरा घरं. त्यातलं नवव्या मजल्यावरचं एक सेंगने घेतलं होतं, भविष्य निर्वाह निधीतला होता नव्हता तेवढा सगळा ओतून. कशासाठी? लिफ्टसाठी. दारातून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी. ग्योक लानने कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ हिरवे पडदे शिवून ठेवले होते, नवव्या मजल्याच्या मापाचे. तिथल्या खिडक्या जमिनीपर्यंत आहेत, हे तिला ड्रॉइंगवरून माहीत होतं. पोरगी लग्नाला निघावी तसं ते पडद्यांचं गाठोडं दोन महिने दारापाशी तयार होतं.

आता ती इमारत अडली कुठे ते ऐका.

आमच्या पालिकेचा नियम सरळ आहे. जितकी घरं तितक्या गाड्यांच्या जागा. एक कमी पडली तरी भोगवटा दाखला नाही, दाखला नाही म्हणजे किल्ली नाही. सेंगने पहिल्या नकाशात एकशे अठरा जागा बरोबर बसवल्या होत्या. इमारत सहाव्या मजल्यापर्यंत आली आणि पालिकेने नवा नियम काढला: विजेवर चालणाऱ्या गाड्या चार्ज करायची सोय हवी, शंभर जागांमागे पाच. म्हणजे इथे सहा. सहाच ना, असं तुम्ही म्हणाल. चुआ तौके, म्हणजे बिल्डर, तोही तेच म्हणाला. पण त्या सहा जागा बाकीच्यांपेक्षा मीटरभर रुंद हव्यात, उताराजवळ नकोत, लिफ्टच्या दाराजवळ नकोत, त्यांच्यासाठी पॅनेलची वेगळी खोली हवी, आणि आग लागली तर पाण्याचा पाइप पोचेल एवढी मोकळी वाट हवी. जिन्याखाली दडवावं असं ते काम नव्हतं. खांब तर आधीच उभे राहिलेले, ते कोण हलवणार?

सेंगने तीन आठवडे रांगा इकडच्या तिकडे केल्या. कोपऱ्यातली एक जागा गेली की उताराखाली दुसरी काढायची. अशात एक दिवस चुआ तौके कॉफीचा ग्लास घेऊन त्याच्या टेबलाशी आला.

"सेंगदादा, नंबर नव्याने टाकतोच आहेस तर चारचं तेवढं बघ. शेवटी चार येणारे सगळे काढून टाक. चार, चौदा, चोवीस, सगळे."

"तीन-ए, तेरा-ए करू?"

"तेरा-ए म्हटलं तरी गिऱ्हाइकाला कळतं ते चौदाच आहे म्हणून. नकोच ते. तेराच्या पुढे सरळ पंधरा. लिफ्टमध्ये पण तसंच केलंय."

सेंगने मान डोलावली. चार आम्हा चिनी लोकांत मरणाचा आकडा, दोन्हींचा उच्चार जवळजवळ सारखाच. चौथा मजला नाही, चौथं टेबल नाही, भेट द्यायची तर चार संत्री नाहीत. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तो पुन्हा कामाला लागला, शेवटच्या जागेवर एकशे अठरा हा नंबर येईपर्यंत रांगा हलवत राहिला, आणि ज्या दिवशी तो नंबर आला त्या दिवशी थांबला. तक्त्यात लिहिलं, एकूण जागा एकशे अठरा. मग खाली जाऊन दोन वाट्या लक्सा, म्हणजे आंबट-तिखट रश्शातल्या शेवया, खाल्ला.

हसू नका. तुमच्या लक्षात आलं असेल, पण तुम्ही बाहेरचे आहात. त्याच्या जागी एखादा मलय किंवा तमिळ ड्राफ्ट्समन असता तर त्याच्याही लक्षात आलं असतं. आमच्या डोळ्यांना चार नसणं दिसतच नाही, कारण तो आम्ही लहानपणापासून कधी पाहिलेलाच नसतो. लाऊ साहेबाने न बघता सही केली. पालिकेने शेवटचा नंबर वाचून मंजुरी दिली. रंगाऱ्याने जमिनीवर पिवळ्या रंगात नंबर घातले. वर्ष गेलं.

मग या एप्रिलमधला सोमवार. बुधवारी पालिकेची शेवटची तपासणी होती. सेंग संध्याकाळी घरी आला तर ग्योक लान खुशीत. भाताची पेज तिने स्वतः उठून गरम केली होती.

"आज विक्रीच्या ऑफिसातल्या पोरीचा फोन आला होता," ती म्हणाली. "गाडीच्या जागा वाटतायत. म्हणाली, आंटी, लिफ्टच्या अगदी शेजारची एक आहे, पण नंबर वाईट आहे, आपले लोक कुणी घेत नाहीत. चालेल का?"

"मग?"

"मी म्हटलं, पोरी, चौथ्या मजल्यावर पंचवीस वर्षं राहिले, अजून मेले नाही. दे." ती हसली. "चौदा नंबर मिळाला आपल्याला. लिफ्टपासून दहा पावलं. तू एकतीस वर्षांत एक जागा मिळवली नाहीस, मी फोनवर मिळवली."

"चौदा नंबर नाहीये तिथे," सेंग म्हणाला.

"नाही कसा? तिच्या यादीत आहे. एक ते एकशे अठरा."

"तौकेने काढायला सांगितले होते. सगळे चार..." आणि तो तिथेच थांबला. चमचा वाटीत राहिला. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. चार, चौदा, चोवीस, चौतीस. दोन्ही हातांची बोटं संपली आणि तरी दोन उरले. बारा. एकशे अठरा नव्हत्याच कधी. एकशे सहा होत्या.

"काय झालं?" ग्योक लानने विचारलं. "रंग का उडाला तुझा?"

"काही नाही. मीठ जास्त झालंय."

ती म्हणाली की पेजेत मीठ घातलेलंच नाही, डॉक्टरने बंद केलंय.

मंगळवारी सकाळी तो तिला घेऊन दवाखान्यात गेला. तिथली तमिळ सिस्टर लेचुमी, ग्योक लानच्या हातात न दुखवता सुई घालणारी एकटीच. बाकीच्या दोन दोन वेळा टोचतात. त्या नव्या इमारतीत घर घे हे तिला सेंगनेच सुचवलं होतं. चार्जिंगची सोय होणार म्हणून तिने कर्ज काढून विजेवर चालणारी छोटी गाडीसुद्धा घेतली होती.

"अंकल, मला चौतीस नंबर मिळाला," ती पट्टी लावता लावता म्हणाली. "तुमच्या लोकांना नको म्हणून आम्हाला. बरंय, तुम्ही असेच घाबरत राहा."

"चार्जिंगच्या जवळ आहे का गं तो?" ग्योक लानने विचारलं.

"अंकलना विचारा. त्यांनीच काढलंय ना सगळं." लेचुमीने त्याच्याकडे बघितलं. "जवळ आहे का अंकल?"

"बघून सांगतो," सेंग म्हणाला. त्याला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन तो गाडीत बसला. मग त्याने विक्रीच्या ऑफिसात फोन करून यादी विचारली. चारचे बाराही नंबर गेले होते. सात मलय घरं, त्यात एक शाळेची निवृत्त बाई. चार तमिळ. आणि एक खॉ बान सेंग.

तिथून तो लाऊ साहेबाकडे गेला. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. लाऊने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचं वय बासष्ट, सही त्याची, परवाना त्याचा.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"बायकोला?"

"नाही."

लाऊ उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "सेंग, उद्या पालिकेची ती बाई येईल. ती चार्जिंगचे पॉइंट एकेक करून तपासेल, कारण ते नवीन आहे. जागा ती मोजत नाही. कोणीच मोजत नाही, शेवटचा नंबर वाचतात. तुला माहितीये."

"माहितीये."

"दाखला मिळाला की महिन्याभरात किल्ल्या. मग ज्याला जागा मिळणार नाही तो सोसायटीशी भांडेल, सोसायटी तौकेशी भांडेल. चालायचंच. आणि उद्या तू तोंड उघडलंस तर? सुधारित नकाशा, नवी मंजुरी, बारा जागा आणायच्या कुठून, शेजारचा प्लॉट घ्यायचा की मागे लोखंडी मजला उभा करायचा. वर्ष जाईल. दीडसुद्धा. एकशे अठरा घरं रिकामी राहतील." तो वळला. "तुझ्या बायकोकडे वर्ष आहे का?"

हे बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. सेंग आपल्या टेबलाशी जाऊन बसला. समोर तेच ड्रॉइंग. तेरा, पंधरा. तेवीस, पंचवीस. गप्प राहिलं तर आठवड्यातून तीनदा त्याच लेचुमीच्या हातात, जिची जागाच नाही, बायकोचा हात द्यायचा. बोललं तर बायकोला अडुसष्ट पायऱ्या, तितक्याच वेळा, न संपणाऱ्या. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांना बाहेर पडायला वाट ठेवली होती. स्वतःसाठी कुठून काढायची ते त्याला सुचेना. दुपारी त्याने ग्योक लानला पाठीवर घेऊन वर चढवलं. तिसऱ्या मजल्यावर टेकायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "आता थोडेच दिवस," आणि त्याच्या टकलावरचा घाम पदराने पुसावा तसा बाहीने पुसला.

बुधवारी दहा वाजता पालिकेच्या पुआन सलवानी आल्या. पुआन म्हणजे बाई. पायात जाड बूट, डोक्यावर स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट, हातात कागद लावलेली पाटी. मागे लाऊ, चुआ तौके आणि गुंडाळलेलं ड्रॉइंग घेऊन सेंग. बाईंनी चार्जिंगच्या सहाही जागा टेप लावून मोजल्या. प्रत्येक पॉइंटला मीटर लावून बघितला, पॅनेलच्या खोलीत शिरल्या, पाइप पोचतो का ते पाइप ओढायला लावून बघितलं. तासभर गेला. तौकेच्या शर्टाची पाठ भिजली. शेवटी बाई रांगेच्या टोकाला गेल्या, जमिनीवरचा एकशे अठरा हा नंबर वाचला, आणि पाटीवर टिक केली.

"छान काम आहे," त्या म्हणाल्या. "चार्जिंगचं इतकं नीट कोणी करत नाही. अंकल, तुम्हीच काढलंत?"

"हो, पुआन."

"तक्त्यात आहे तेच खाली आहे ना?"

हा प्रश्न प्रत्येक तपासणीत शेवटी विचारतात. विचारायचा म्हणून. एकतीस वर्षं सेंगने त्याला हो म्हटलं होतं, आणि ते दरवेळी खरं होतं. लाऊ साहेब खाली बघत होता. चुआ तौकेला काहीच माहीत नव्हतं, तो मोबाइलवर जेवणाचं टेबल सांगत होता, मासा वाफवलेला हवा म्हणून.

हो म्हणायचं, असं सेंगने घरून निघताना ठरवलं होतं. जिन्यात ठरवलं होतं, गाडीत ठरवलं होतं. तोंड उघडलं तेसुद्धा हो म्हणायलाच.

"पुआन," तो म्हणाला, "तेरा नंबरच्या पुढची जागा जरा बघता का?"

बाई चालत गेल्या. लिफ्टशेजारी तेरा. त्याला लागून पंधरा. मध्ये चार बोटं रुंद पांढरा पट्टा.

"मग? चौदा तुमचे लोक वगळतातच," त्या म्हणाल्या. "त्यात काय?"

"वगळतात. मी मोजताना धरला. चौदा धरला, चोवीस धरला, सगळे धरले. जागा एकशे सहा आहेत."

तौकेच्या हातातला फोन तसाच बोलत राहिला. पुआन सलवानींनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा लाऊकडे, मग ओठ हलवत शेवटी चार येणारे नंबर मोजले. मग गाडी अडवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर त्या खाली बसल्या.

"अंकल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी टिक केली होती हो."

"माहितीये, पुआन."

त्यांनी त्या टिकवर आडवी रेघ मारली, आणि रेघेशेजारी सही केली. लाऊ सेंगशी एक शब्द न बोलता निघून गेला. तौके मात्र बोलला, आणि जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यात सेंगच्या आईचाही उल्लेख होता.

घरी येऊन सेंगने ग्योक लानला सगळं सांगितलं. पेजेपासून सगळं. तो संपवून थांबला तेव्हा तिने फक्त विचारलं, "किती?"

"वर्ष. जास्तसुद्धा."

ती उठली, भिंतीला धरत दारापाशी गेली आणि पडद्यांचं गाठोडं सोडलं. तो मदतीला पुढे झाला तर तिने कोपराने ढकललं. एकेक पडदा तिने स्वतः जुन्या खिडकीला अडकवला, स्टुलावर चढता येईना म्हणून खालच्या तारेला. पडदे दीड हात लांब झाले आणि फरशीवर पसरले. समोरची इमारत त्यामागे धूसर झाली.

गुरुवारी सकाळी तो पलंगापाशी पाठ करून बसला. तिने नेहमीसारखे हात त्याच्या गळ्यात टाकले. तो उठला, आणि उतरायला लागला. चौथा मजला, तिसरा. गुडघे वाजत होते. तिचा श्वास त्याच्या कानाशी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती म्हणाली, "थांब."

"दुखतंय?"

"नाही. थांब जरा."

तो कठड्याला टेकून उभा राहिला. खालून कुणाच्यातरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या.

"जिना माझा आहे," ती म्हणाली. "वर्ष माझं आहे. बोलायच्या आधी मला विचारायचं होतंस."

खरं होतं. लाऊ साहेबाला विचारलं होतं, विक्रीच्या ऑफिसात विचारलं होतं. हिलाच तेवढं विचारलं नव्हतं.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

तिने डोकं त्याच्या मानेवर टेकलं. त्याला वाटलं रडते आहे, पण मानेला ओलं काही लागलं नाही.

"म्हणाले असते, गप्प बस," ती म्हणाली. "लेचुमी गेली खड्ड्यात, गप्प बस आणि मला लिफ्टमध्ये ने."

"मग आता?"

"आता उतर," ग्योक लान म्हणाली, आणि गळ्याभोवतीचे हात घट्ट केले. "उशीर झाला तर दवाखान्यातली आपली खुर्ची दुसऱ्याला देतात."